सहा महिन्यांत टायपिंग

आमच्या पद्मावन्सं डोळे बांधून टाइप करत. हे आधीच सांगून टाकते, कारण शिरटीकर कमर्शियल इन्स्टिट्यूटच्या पाच शाखा निघाल्या त्या एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर. बाकी आमच्या यांच्या कर्तबगारीबद्दल गावभर जे बोललं जायचं, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलेलं आहे आणि त्यातलं खरं किती हेही मला ठाऊक आहे.

हे म्हणजे नृसिंह शिरटीकर. सगळे दादा म्हणत. मूळचे कुरुंदवाडचे, तिथल्या संस्थानात कारकून. संस्थान विलीन झालं तशी यांची नोकरी मुंबई सरकारकडे गेली आणि बदलीचा हुकूम आला धारवाडचा. परक्या मुलखात जाऊन कुणाची बोलणी खायची, म्हणून यांनी राजीनामा दिला आणि आम्ही कोल्हापूरला आलो. शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दोन खोल्या घेतल्या. दोन जुनी मशीनं आणि एक फळा, एवढ्यावर इन्स्टिट्यूट उभं राहिलं. यांना स्वतःला टायपिंग दोन बोटांनी यायचं, तेही अक्षर शोधत शोधत. पण बोलणं असं, की समोरच्याला वाटावं या माणसानंच मशीन काढलंय.

एकोणपन्नास साली कोल्हापूरही मुंबई राज्यात गेलं आणि यांचं नशीब उघडलं. दरबारातले जुने कारकून, जन्मभर मोडीत लिहिलेले, आता इंग्रजी टायपिंग शिकायला आमचा जिना चढायला लागले. पन्नाशीची माणसं फेटा काढून बाकावर ठेवायची आणि 'ए एस डी एफ' बडवायची. खाली अडतीवर गुळाच्या ढेपा फुटायच्या, वर मशीनं खडखडायची. त्यात दुपारी झोप मिळाली असेल तर मला शपथ.

पद्मजा यांची धाकटी बहीण, पण माझ्याहून मोठी, म्हणून मला वन्सं. आई लवकर गेली, त्यामुळे त्या बेळगावला मामांकडे वाढल्या. मामा वकील होते. त्यांच्या कचेरीत वन्सं चौदाव्या वर्षी मशीनवर बसल्या आणि मामा वारेपर्यंत, म्हणजे सात वर्षं, दावे, अर्ज, नोटिसा टाइप करत राहिल्या. पत्रिकेत मंगळ, त्यामुळे लग्न जमत नव्हतं. मामा गेल्यावर आमच्याकडे आल्या आणि मुलींना शिकवायला लागल्या. एकदा वीज गेली तेव्हा त्या अंधारात पानभर मजकूर टाइप करत होत्या, एक चूक नाही. हे दारात उभे राहून बघत होते. तिथंच यांच्या डोक्यात घोडं धावायला लागलं.

पहिली बाहेरगावची शाखा कुरुंदवाडला निघाली. उद्घाटनाला शाळेचा हॉल भरलेला. यांनी मशीन व्यासपीठावर ठेवलं, वन्संना बसवलं आणि मी छत्रीच्या काळ्या कापडाची पट्टी शिवली होती ती त्यांच्या डोळ्यांवर बांधली. हेडमास्तरांनी इंग्रजी पेपरातला मजकूर वाचायचा, वन्संनी टाइप करायचा, मग हेडमास्तरांनी तो तपासून सगळ्यांना सांगायचं. एकही चूक निघाली नाही. टाळ्या थांबेनात. हेडमास्तर म्हणाले, "या बाई किती दिवसांत शिकल्या?"

वन्संनी तोंड उघडायच्या आत हे बोलून गेले, "आमच्याच क्लासात. सहा महिन्यांत."

चारचौघांत थोरल्या भावाला खोटं पाडायचं, असं आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. वन्सं गप्प बसल्या. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, "दादा, मी तुझ्या क्लासात एक दिवस शिकलेली नाही."

"अगं, सहा महिन्यांत बोटं बसतातच की. पुढचा वेग काय, सरावानं येतो. मी खोटं कुठं बोललो?" आणि हे जेवायला बसले. यांचा हाच गुण मला कधी पचला नाही. खोटं बोलताना यांना ते खोटं वाटायचंच नाही.

पुढं निपाणीला शाखा निघाली, मग गडहिंग्लजला. तोवर हस्तपत्रकावर ठळक छापून यायला लागलं होतं, सहा महिन्यांत टायपिंग. प्रयोग संपला की हे खड्या आवाजात विचारायचे, "पद्मजाबाई, आपण किती महिन्यांत शिकलात?" आणि वन्सं पट्टी बांधलेल्या तशाच म्हणायच्या, "सहा." मी एकदा विचारलं, पट्टी सोडून तरी बोलत जा. त्या म्हणाल्या, "वहिनी, समोर कोण बसलंय ते दिसत नाही म्हणून तर बोलता येतं."

हे बोलून त्या उठून गेल्या. त्यांना लाज वाटत होती, फार वाटत होती. पण संध्याकाळच्या एस.टी.नं त्या परत कोल्हापूरला यायच्या आणि ती माणसं तिथंच राहायची. लाजेला असा एक सोयीचा रस्ता मिळाला होता.

छप्पन्न साली राज्यांची फेररचना झाली. चंदगड तालुका बेळगावातून निघून कोल्हापूर जिल्ह्यात आला. यांनी लगेच हिशेब मांडला की आता तिथं कचेऱ्या वाढणार, कारकून लागणार. चंदगडला पाचवी शाखा. पण चंदगडचा पाऊस म्हणजे भिंतींना पाणी सुटतं आणि मशीनच्या फितीला बुरा येतो. कुणी मास्तर तिथं जायला तयार होईना. शेवटी यांनी वन्संनाच पाठवलं. जिथं 'सहा' म्हणायचं तिथंच राहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली.

उद्घाटनाला सयाजी गावडे नावाचे शेतकरी आले होते. बाई माणूस डोळे बांधून इंग्रजी यंत्र चालवते हे बघून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन आले. चिमणाबाई तिचं नाव. निपाणीला मामाकडे राहून इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली, आणि नवऱ्यानं दुसरी केल्यावर माहेरी परत आलेली. भावजया घरात होत्या, त्यांचं तोंड सुटलेलं. सयाजी वन्संना म्हणाले, "बाई, सहा म्हैन्यात हिला तुमच्यासारकी करा. कचेरीत चिकटली की कुनाच्या हातातोंडाकडं बघाय नको."

चिमणा भर पावसात इरलं घेऊन यायची. आधी शेगडीजवळ हात शेकायची, मग मशीनवर बसायची. भातलावणीचे हात ते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळायचंच नाही. घरी तिनं पाटावर कोळशानं अक्षरं काढली होती आणि भाकरी झाल्यावर त्यावर बोटं चालवायची. सहा महिन्यांत कुणाचंही होतं तेवढं तिचं झालं. बोटं बसली, वेग नव्हता. वन्सं म्हणायच्या, छान चाललंय. ती मान खाली घालायची. "सहा म्हैनं सरलं की, बाई. तुमी या टायमाला डोळं बांधून करत हुता."

दिवाळीला वन्सं घरी आल्या तेव्हा त्यांनी हे मला सांगितलं. बरोबरची पोरं कंटाळून सोडून गेली होती, पण ही सोडत नव्हती. स्वतःच्या हातावर फूटपट्टी मारून घ्यायची. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मी तिला सांगून टाकू का?"

मी म्हटलं, सांगा. हे बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. आत येऊन म्हणाले, "एकीला सांगितलंस की बाजारभर होणार. पाच शाखा आहेत, पद्मा. सगळ्या तुझ्या नावावर उभ्या आहेत. मास्तर आहेत, त्यांची बायकापोरं आहेत. तुझं मन हलकं करण्यापायी त्यांना घरी बसवणार का?" मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. वन्सं चंदगडला परत गेल्या आणि गप्प राहिल्या. त्या हिवाळ्यात त्यांचं अंग निम्मं झालं. विचारलं की म्हणायच्या, तिकडचं पाणी सोसत नाही.

चंदगडच्या शाखेला वर्ष झालं तेव्हा यांनी मोठा कार्यक्रम केला. नवी बॅच भरायची होती. बाजाराचा दिवस धरला, शाळेपुढच्या पटांगणात मांडव घातला. मीही गेले होते. पट्टी मीच बांधली. बांधताना वन्संची मान ताठ होती, दगडासारखी. पुढच्या रांगेत सयाजी बसले होते, शेजारी पदर घट्ट ओढून चिमणा.

वन्संनी टाइप केलं, तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी तपासलं, टाळ्या झाल्या. हे नेहमीचा प्रश्न विचारायला उभे राहिले तेवढ्यात सयाजीच उठले. हात जोडून पुढं आले.

"दादा, मला दोन शबुद बोलायचं हायत." त्यांचा आवाज मोठा, लाऊडस्पीकर लागत नव्हता. "मानसं इचारत्यात, तुजी लेक वरीसभर जातीया, अजून का शिकंना. तर म्या सांगतो, इन्स्टिटूट चांगलंच हाय. बाईंनी जीव टाकून शिकवलं. आमची पोरगीच मठ्ठ हाय. तिच्यापायी तुमच्या नावाला बट्टा लागला, मला माफी द्या." आणि ते वाकले, व्यासपीठाच्या कडेला डोकं टेकवलं. शेजारपाजारचे सगळे वळून चिमणाकडे बघत होते. तिनं तोंड पदरात घातलं.

वन्संनी पट्टी ओढून काढली. गाठ सुटली नाही, वर कपाळावर सरकली, केस विस्कटले. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी सहा महिन्यांत शिकलेले नाही. मला सात वर्षं लागली. बेळगावला शिकले, या क्लासात नाही. आजवर मी तुमच्याशी खोटं बोलले. चिमणा हुशार आहे. तिच्याएवढं सहा महिन्यांत मलाही येत नव्हतं."

मला वाटलं, आता दगड येणार. यांचा चेहरा पांढरा पडला होता. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला वन्संचा अभिमानही वाटला.

सयाजी हळूच उठले. डोळे पुसत म्हणाले, "बाई, तुमी द्येवमानूस. माज्या लेकीची समजूत काडायला सोताला कमीपना घ्येतलासा. एवडं खोटं बोलू नगासा तिच्यासाटी."

"मी खरं सांगतेय हो."

"आमी येडं न्हाय, बाई. डोळ्यानं बगितलंया."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. वन्सं दोनदा पुन्हा बोलायला गेल्या, पण टाळ्यांत काही ऐकू येईना. यांच्या तोंडावर रंग परत आला. यांनी हात वर करून लोकांना शांत केलं आणि म्हणाले, "बघा मंडळी, आमच्या इन्स्टिट्यूटचा विनय." माझाच नवरा, तरी सांगते, त्या क्षणी त्या माणसाकडे बघवेना. खाली मान घालून मी चटईची काडी उपटत बसले. नव्या बॅचची नावं मात्र त्याच मांडवात नोंदली गेली, बाक पुरले नाहीत.

माणसं पांगल्यावर चिमणा मशीनजवळ आली. वन्सं खुर्चीत बसल्या होत्या, कपाळावर पट्टी तशीच. मी सोडवायला गेले तर त्यांनी हात झटकला.

चिमणानं विचारलं, "बाई, खरं हुतं व्हय ते? सात वरसाचं?"

"खरं होतं."

"बा म्हनतोय खोटं हाय."

"तुझ्या वडलांना तसं वाटतंय. खरं तेच आहे, चिमणा. मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

चिमणा रागावली नव्हती. एखादा हिशेब जुळत नाही तसं तोंड झालं होतं तिचं. मग म्हणाली, "वरीसभर मी सोताला शिव्या दिल्या, बाई. उटता बसता. त्या आता कुनाला द्याच्या?"

वन्सं म्हणाल्या, "मला दे."

तिनं वन्संकडे बघितलं. ओठ हलले, काहीतरी आत जमवत होती. शेवटी तिनं मान हलवली.

"न्हाय जमत," ती म्हणाली. "तुमास्नी बाई म्हनलंय की." आणि वाकून वन्संच्या पाया पडून निघून गेली.