स्वल्पविरामापर्यंतचं पुस्तक

कोंडीराम सोनावळे यांनी मला आजवर चाळीसेक पुस्तकं वाचायला सुचवली. त्यातल्या एकाचंही नाव त्यांना सांगता आलं नाही.

यात त्यांचा दोष नाही. साजगावच्या एका कागद कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथे रद्दीचे गठ्ठे यायचे, ते फोडून लगद्याच्या टाकीत लोटायचे, हे त्यांचं काम. गठ्ठ्यात पुस्तकंही असत, पण कव्हर फाडलेली, पहिली पानं गेलेली. मुकादमाला विचारून कोंडीराम त्यातलं एखादं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून दहिवलीला आणत. टाकीत बुडायच्या आधी त्यांनी अशी अडीचशे पुस्तकं बाहेर काढली. त्यांना ना नाव, ना लेखक, ना किंमत.

मग कोंडीरामांनी स्वतःच बारसं केलं. ‘विहिरीचं’, ‘दोन भावांचं’, ‘सासू सुधारते ते’. दहिवलीच्या बुद्धविहारात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही आठदहा वाचणारे जमतो, अलीकडे काय वाचलं आणि काय आवडलं ते एकमेकांना सांगतो. तिथे ही नावं मोठ्या आदराने चालतात. आमचे पोस्टातले रत्नदीप एकदा कर्जतच्या पुस्तक प्रदर्शनात जाऊन ‘सासू सुधारते ते’ मागून आले. विक्रेता म्हणाला, “असं पुस्तक अजून कुणी लिहिलेलं नाही.” रत्नदीप आजही त्याचा राग कोंडीरामांवर काढतात.

रत्नदीपांना ताजी पुस्तकं लागतात. शाई ओली असताना वाचल्याशिवाय त्यांना पचत नाही. कोंडीराम मात्र दर बैठकीत नव्या पुस्तकाबद्दल दोन वाक्यं बोलून हळूच आपल्या लाडक्यावर येत. त्याचं नाव ‘मशीनवालं’.

“झालं सुरू,” रत्नदीप म्हणत. “काका, गेल्या महिन्यात पण हेच होतं.”

“गेल्या म्हयन्यात वाचलं का तू?”

“तुम्ही प्रत दिली तर वाचीन ना!”

“प्रत घरी हाय. द्यायची नाय.”

‘मशीनवालं’ अशा एका बाईचं होतं. समुद्राकाठच्या गावातली रोहिणी. तिच्या शिवणाला नवरा चारचौघांत हसतो. ती शिलाई मशीन डोक्यावर घेते आणि बहिणीच्या गावी निघून जाते. चार वर्षांनी नवरा तिच्या दारात येऊन उभा राहतो. इथे कोंडीराम थांबत आणि म्हणत, “फुडचं सांगनार नाय. शेवट सांगायचा नाय, हा आपला नेम हाय.”

नेम त्यांनीच केला होता. का केला होता, ते त्यांनी मला एकदा कर्जत स्टेशनापासून दहिवलीपर्यंतच्या रिक्षात सांगितलं, तेही पुढे बसलेला ड्रायव्हर ऐकत नाही याची दोनदा खात्री करून.

त्यांच्या प्रतीत शेवटची सोळा पानं नव्हतीच. एकशे शहात्तराव्या पानावरचं शेवटचं वाक्य असं होतं: ‘ती दाराशी आली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली,’ त्या स्वल्पविरामानंतर बांधणीचा दोरा लोंबत होता.

हे त्यांना कळलं कधी? तर पुस्तक बायकोला वाचून दाखवताना. चंद्राबाई चौथीत शाळा सुटलेल्या. ओटीवर बसून त्या भिजवलेले वाल सोलत, आणि कोंडीराम सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांना वाचून दाखवत. तीन रविवार चंद्राबाई त्या रोहिणीच्या मागे मशीन उचलून चालल्या होत्या. आणि ऐन दारात पानं संपली!

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय! हातातला वाल तसाच धरून बसली व्हती. तिला काय सांगू, टाकीत गेला शेवट? तसाच वाचत ऱ्हायलो. ‘आनि म्हनाली, चला.’ आनली घरी. मशीनसकट आनली.”

“आणि चंद्रावहिनी?”

“बरं म्हनाली आन् डाळ टाकाया उठली.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “सत्तावीस वर्सं झाली. तिचं सगळ्यात आवडीचं पुस्तक हाय ते. भाताच्या लावनीला बायांस्नी सांगते, वाचा म्हनून. आता सांगू का मी, शेवट माजा हाय?”

असं ते गुपित सुखाने चाललं असतं. पण आमच्या बैठकीत मनाली आली. ही खोपोलीच्या कॉलेजात शिकवते आणि तिला कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवता येत नाही. तिने कोंडीरामांकडून मशीनची, समुद्राची, बहिणीच्या गावाची माहिती काढली आणि ती आपल्या वाचकांच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या बैठकीत ती उड्या मारतच आली.

“काका, सापडलं! साताऱ्याच्या एका बाईंकडे अख्खी प्रत आहे. पुढच्या बैठकीपर्यंत मागवते. आणि माहितीये का, लेखक नाही, लेखिका आहे! आपण शेवटची पानं मोठ्याने वाचू या.”

कोंडीरामांचा चेहरा सोलून ठेवलेल्या वालासारखा झाला.

“शेवट सांगायचा नाय,” ते पुटपुटले. “नेम हाय.”

“इतकी वर्षं ऐकतोय आम्ही,” रत्नदीप म्हणाले. “नेमाला एवढी सुट्टी द्या.”

महिनाभर त्यांनी सुटकेच्या वाटा शोधल्या. भिसेगावला माझ्या घरी येऊन, बैठक पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलता येईल का, असं विचारलं. पावसाळा संपून दोन महिने झाले होते. शेवटी आमच्या दोघांत ठरलं एवढंच, की चंद्राबाईंना काही कळू द्यायचं नाही.

आणि बैठकीच्या रविवारी, आयुष्यात पहिल्यांदा, चंद्राबाई बैठकीला आल्या. मनालीनेच त्यांना घरी जाऊन बोलावलं होतं. सगळ्यांना जय भीम केला, पुढच्या सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, “वाच गं मनाली. दारापासून वाच.”

कोंडीराम खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत बसले. मनाली वाचू लागली.

‘ती दाराशी आली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मापाचा सदरा आणलाय का?’

पुढे सगळं असंच होतं. रोहिणी त्याचं माप घेते आणि गुरुवारी ये म्हणते. गुरुवारी सदरा होत नाही. तो परत येतो. बाकावर गिऱ्हाइकांच्या रांगेत बसतो. शेवटच्या पानावर तो रांगेत दुसरा असतो, आणि तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलेलं असतं. बस्स.

चंद्राबाईंनी पदर सारखा केला.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता बसला शेवट.”

कोंडीराम वळले. “तुला म्हायती व्हतं?”

“अवो, बाई समुद्राकडची. तुमच्या शेवटाला ती आपल्या हितल्या उल्हास नदीच्या पुलावरनं मशीन घेऊन आली. आन् नवरा म्हनला, घरी डाळ शिजलीय. त्याला कवा डाळ शिजवता येत व्हती?”

रत्नदीप मागे हसून लोळायचे बाकी होते.

“मंग बोलली का नाय गं?”

“पानं संपली तरी मान हलत व्हती तुमची, वाचल्यावानी. येवढं कोन करतं कुनासाठी!” मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “बायांना मी पुस्तक सांगते, पर म्हनते, शेवट सोडा. तो आमच्या येड्यानं लिवलाय. बाई लई लवकर माफ करती.”

कोंडीराम एकदा लाल झाले, मग हसले, मग चष्मा पुसायला लागले. त्या पुस्तकाचं खरं नाव आता आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणताना आम्ही ‘मशीनवालं’च म्हणतो.

परवा दुपारी मी दहिवलीला गेलो, तर ओटीवर वालाचं टोपलं होतं आणि कोंडीराम साताऱ्याची प्रत पहिल्यापासून मोठ्याने वाचत एकशे शहात्तराव्या पानावर आले होते. ‘...आणि म्हणाली,’

“थांबा,” चंद्राबाई म्हणाल्या.

ते थांबले. चंद्राबाईंनी सावकाश एक एक वाल सोलून पातेल्यात टाकला.

“आता वाचू?”

“तो चार वर्सं थांबला,” चंद्राबाई म्हणाल्या. “तुमी येवढी मूठ सोलून व्हईपर्यंत थांबा.”

कोंडीराम पानावर बोट ठेवून बसून राहिले.