हरभऱ्यातलं बुजगावणं

चित्रकला शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण कला म्हणजे नेमकं काय असं वर्गात कुणी विचारलं की मी सरळ फळ्याकडे वळते. त्या प्रश्नावर वाद घालत बसणाऱ्यांचा मला संताप येतो. त्याला कारण आहे.

माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, नांदगाव खंडेश्वरजवळ एकटी राहते. मोठे बाबा गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचे कपडे वाटून टाकायचे होते. हिनं दोन जोड दडवून ठेवले. लोकांनी नावं ठेवली, तिनं ऐकलं नाही. त्यातला एक जोड काठ्यांवर चढवून तिनं हरभऱ्यात बुजगावणं उभं केलं. डोक्याच्या मडक्याला नाक-डोळेही नव्हते, तरी ते पाहून मी दोन पावलं मागे सरले. मोठे बाबाच उभे होते, आता खेकसतील असे! रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच फिरायचा.

अमरावतीत आमचं प्रदर्शन भरणार होतं. मी तिच्याकडे ते मागितलं.

"ने," ती म्हणाली. "पन लवकर आन. घाटे धरून राहिले. माहं सारं वर्स या हरभऱ्यावर हाय."

प्रदर्शनात दोन परीक्षक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे तेवढे बाकी राहिले. एक म्हणे, करणारीच्या मनात कला नव्हती, मग ही कला कशी? दुसरा म्हणे, दालनात आणून ठेवली ना, झाली कला! निकाल लागेपर्यंत वस्तू हलवायची नाही, असं वर ठरलं. मी म्हटलं, "अहो, तिकडे रोही पीक खातील!" तर संयोजक म्हणे, "मॅडम, उपयोगाचा मुद्दा वेगळा." डोक्यात तिडीकच गेली माझ्या. चौकीदारानं तर बुजगावणं भिंतीकडे वळवून ठेवलं होतं. काहून, विचारलं, तर त्याच्याकडे न पाहताच दिवे मालवायला गेला. आणि मोठी आई फोन उचलेना.

शेवटी कुणालाही न विचारता मी ते भाड्याच्या गाडीत घातलं आणि गाव गाठलं.

एका कडेला थोडं खाल्लेलं होतं, बाकी हरभरा शाबूत होता. मधोमध मोठ्या बाबांचा दुसरा जोड घातलेलं बुजगावणं. मला हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं बाई, हिनं दुसरं केलं. जवळ गेले, तर त्यानं मान वळवली.

मोठी आई होती. ओठ फुटलेले, पाय सुजून टम्म.

"अवं, हे काय करून राहिली तू?" मी किंचाळलेच.

"केलं होतं दुसरं. पन ते नुसते कपडे दिसे. रोही आत शिरले. मंग मीच घातले. आता येत नाई."

मला रडू फुटलं. घाईघाईनं मी आणलेलं बुजगावणं तिच्या शेजारी रोवलं, सदरा नीट केला आणि तिचा हात धरला. "चाल घरी."

तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेबी आता नुसते कपडेच दिसते," ती म्हणाली, हात सोडवून घेतला आणि धुऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.