म्हैसासुराला घाई नव्हती

मरणाला इतका त्रास दिलेला माणूस आमच्या आतोबांच्या आधी झाला नाही आणि नंतरही होणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. राहायला जव्हारला, राजवाड्याच्या खालच्या अंगाला, आम्ही मोखाड्याचे. त्यांच्या घराण्याकडे बोहाड्यातलं म्हैसासुराचं सोंग होतं. ज्यांनी बोहाडा पाहिला नाही त्यांनी उन्हाळाच पाहिला नाही, असं आतोबांचं मत होतं, तरीपण अशा अभाग्यांसाठी सांगतो. वैशाखात भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजून झालेले असतात, पावसाला अवकाश असतो, हाताला काम नसतं, तेव्हा आमच्याकडे देवादैत्यांचे लाकडी मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचवतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं, बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे आलेलं. मुखवटा चढला की आतला माणूस संपला. मग तो कुंभार नाही, सुतार नाही, साक्षात देव. लोक पाया पडतात, नारळ फोडतात, पोरं पायावर घालतात. आणि शेवटच्या दिवशी सकाळी देवी म्हैसासुराला मारते, तेव्हा बोहाडा संपतो. म्हणजे संपायला हवा. पण आतोबा मरतील तेव्हा ना!

देवीचं सोंग त्यांच्याच आळीतल्या एका कुंभाराकडे होतं. दोघं लंगोटीयार, एकाच झाडाच्या चिंचा चोरून दोघांनी एकाच हातचा मार खाल्लेला. उजाडता उजाडता लढाईला तोंड लागे. देवीची तलवार अंगाला टेकली की आतोबा गुडघ्यावर येत, बायका "गेला गं बाई!" म्हणत, आणि हे शिंगं हलवत पुन्हा उभे! पुन्हा तलवार, पुन्हा लोळण, पुन्हा उभे. एका वर्षी संबळवाला वाजवता वाजवता झोपला, झोपेतही बरोबर वाजवत राहिला, आणि उठला तेव्हा त्याला अर्धी दाढी जास्त आली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ज्याला खोटं वाटेल त्यानं दाढीला विचारावं. ऊन शिरपामाळावरून उतरून थेट टाळूवर येई. मग देवीच्या मुखवट्यातून कुंभाराचा रडवेला आवाज येई, "मर की रं म्हैशा आता! घरी बायको उपाशी हाय माझी."

म्हैसासुराच्या तोंडातून उत्तर येई, "देवी हायस ना तू? मंग मार. इनवण्या कशाला करतंस?"

एवढं करून शेवटी आतोबा मरत, तेसुद्धा कुंभारावर उपकार म्हणून. घरी आले की आत्या त्यांचे पाय धुवी आणि पुढ्यात नागलीच्या भाकरींची चवड ठेवी. मेलेल्या माणसाला भूक फार लागते, हे ज्ञान मला त्या घरात झालं.

म्हैसासुराचा तो मुखवटा उंबराच्या लाकडाचा होता आणि त्याची शिंगं एवढी पसरट, की एका शिंगावर जव्हारात कावळा बसला तर दुसऱ्या शिंगाची सावली पार शेजारच्या जामसर गावात पडावी. त्यामुळे घराबाहेर पडताना आतोबांना अंग आडवं करून, मान वाकवून दारातून निघावं लागे. पुढे त्याची सवयच जडली. मुखवटा फळीवर असला तरी आतोबा वर्षभर प्रत्येक दारातून आडवेच शिरत. लग्नाच्या मांडवात आडवे, देवळात आडवे, आणि एकदा मामलेदाराच्या कचेरीत ते असे शिरले की तो बिचारा खुर्ची सोडून मागे सरकला. होळी झाली की ते मिशांना तेल लावून पीळ द्यायला सुरुवात करीत. मी एकदा विचारलं, "आतोबा, मुखवट्याच्या आत मिशा दिसतात कुणाला?" तर म्हणाले, "मारणारीला दिसतात." भर वैशाखात ते खांद्यावर घोंगडी टाकून हिंडत. उन्हाला आपण भीक घालत नाही, हे उन्हाला कळलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब. आत्या मात्र म्हणायची, "गावाच्या देवीपुढं वर्षातून एकदा तरी हरतात. माझ्यापुढं कधी नाय हरले मेले."

मी नोकरीला मुंबईला गेलो आणि मला शिंगं फुटली, अर्थात वेगळ्या जातीची. एका चैत्रात गावी येऊन मी आतोबांसमोर मुंबईच्या उन्हाळ्याचं वर्णन लावलं. मैदानात सर्कस येते, बागेत गोऱ्यांचा बँड वाजतो, नाटक कंपन्यांचे खेळ लागतात, विजेची ट्राम फिरते, बर्फ घातलेलं सरबत मिळतं. आतोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चल, बघूच." घाट उतरून बैलगाडी, पुढे आगगाडी, असं करत मी त्यांना मुंबईला आणलं. डब्याच्या दारातून ते आडवे उतरले, तेव्हाच मला पुढचं दिसायला हवं होतं.

सर्कशीत वाघानं जळत्या कड्यातून उडी मारली आणि पंजे जुळवून सलाम केला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आतोबा मोठ्यानं म्हणाले, "आमच्याकडं माणसं वाघाला हात जोडतात. हितं वाघच माणसाला जोडतो! कसली ही तऱ्हा?" बँड ऐकायला नेलं, तर बारकाईनं बघून म्हणाले, "हे कागदात बघून वाजवतात. पाठ नाय व्हय यांना? आमचा संबळवाला झोपंत वाजवतो." सरबताचा एक घोट घेऊन त्यांनी पेला माझ्याकडे परत दिला. "उन्हाळ्यात उन्हाळा नको, तर मंग त्यानं यावं कशाला?"

आता उरलं होतं नाटक. माझ्या दुर्दैवानं त्या दिवशी देवी आणि दैत्य असलेलाच खेळ होता. आतोबा खूश झाले, वाटेत बाजारात थांबून एक नारळ घेतला. मला वाटलं आत्यासाठी. रंगमंचावर देवी प्रकट झाली, पेटीवाल्यानं सूर धरला, आणि माझ्या शेजारी काडकन आवाज झाला. आतोबांनी खुर्चीच्या लोखंडी हातावर नारळ फोडला होता. पुढच्या रांगेतल्या एका शेटजींच्या पगडीवर सगळं पाणी. मी त्यांची क्षमा मागतोय, तोवर आतोबा हात जोडून, डोळे मिटून उभे, कारण देवी समोर असताना बसायचं नसतं. मागचे लोक ओरडायला लागले. तेही निभावलं असतं. पण मग देवीनं दैत्याला त्रिशूळ टेकवला आणि तो दैत्य एकदाच "हाय!" म्हणून आडवा झाला. आडवा झाला तो झालाच.

आतोबांनी डोळे उघडले. "ऊठ!" ते गरजले. "असा मरतोस? ऊठ म्हणतो ना!" दैत्य उठेना. तेव्हा हे रांगेतून आडवे आडवे सरकत, लोकांच्या मांड्यांवरून वाट काढत रंगमंचावर चढले आणि दैत्याला बखोटीला धरून उभा करू लागले. "तुझ्या बानं सोंग दिलं तुला, ते हे असलं मरायला? घाव घे! परत ऊठ!" आणि त्या मेलेल्या दैत्यानं एक डोळा किलकिला करून जे सांगितलं ते मी कानांनी ऐकलं, कारण तोवर मीही आतोबांच्या मागे वर चढलो होतो. तो म्हणाला, "काका, सोडा हो. लौकर मरायचा हुकूम आहे मला. लोकांची शेवटची ट्राम चुकते."

परतीला घाट चढताना गाडीत आतोबा एवढंच म्हणाले, "ट्रामसाठी मेला रं तो. देवीसाठी नाय." त्यानंतर जव्हारात कुणी मुंबईचं नाव काढलं, की आतोबा त्याला पहिल्यापासून ही सगळी हकिकत ऐकवीत, आणि दर खेपेला तो दैत्य थोडा अधिक लवकर मरू लागला. शेवटी शेवटी तर तो पडदा उघडायच्या आधीच मेलेला असे.

पुढे जव्हारच्या संस्थानात महाराजांकडे एक नवे कारभारी आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या खिशात सोन्याची साखळी लावलेलं घड्याळ होतं आणि ते दर थोड्या वेळानं त्याची विचारपूस करीत. त्या वैशाखात त्यांनी मुंबईचे बडे पाहुणे बोहाड्याला बोलावले. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या आणि आतोबांना बोलावून सांगितलं, "पाहुण्यांना ऊन सोसत नाही. चहा होईतो लढाई आटपा. एका घावात पडायचं. मुंबईला सगळं कसं वेळेवर होतं, पाहिलंय ना तुम्ही?"

"पायलंय," आतोबा म्हणाले. "म्हणून तर सांगतो, जमायचं नाय."

"चहा थंड होईल हो!"

"तुमचा चहा थंड व्हतो म्हणून मी मरू?"

कारभाऱ्यांनी घड्याळ मिटलं. म्हणाले, "मग पुढल्या वर्षी हे सोंग दुसऱ्याच्या घरी जाईल."

आता हे घरी कळल्यावर माझ्या आत्याच्या हातातलं सूप खाली पडलं, कारण ते सोंग गेलं तर त्या घरात दुसरं होतंच काय? मूलबाळ नव्हतं. शेत होतं ते उताराचं, निम्मं पावसाबरोबर खाली जाणारं. पण वेस ओलांडून गावात शिरलं की लोक बोट दाखवून म्हणत, "म्हैसासुराचं घर ते." आत्यानं विनवलं, कुंभारानं विनवलं, मीही शहाणपणा शिकवला. आतोबा मिशीला तेल लावत राहिले. आणि बोहाड्याच्या सकाळी ते असे लढले, की पाहुण्यांचा चहा झाला, फराळ झाला, खुर्च्यांवर ऊन आलं, एका बाईसाहेबांना घेरी आली आणि मोटारी धुरळा उडवत निघून गेल्या, तरी म्हैसासुर उभाच! शेवटची मोटार वळणाआड गेल्यावर ते कुंभाराला म्हणाले, "हां, आता मार."

कारभारी बोलल्याप्रमाणे वागले. सोंग राजवाड्याच्या देवडीवर पहारा देणाऱ्या एका धिप्पाड शिपायाला दिलं. त्याच्यासाठी नवा मुखवटा करवला, चकचकीत रंगाचा, सुटसुटीत शिंगांचा. आतोबा कुणाशी भांडले नाहीत, आणि तिथंच आम्हाला भीती वाटली. त्याहून वाईट म्हणजे ते दारातून सरळ जाऊ लागले. साऱ्या माणसांसारखे, सरळ. आत्यानं मला मुंबईला निरोप धाडला, "सरळ चालाया लागलेत. काहीतरी दुखणं हाय. तू ये."

मी वैशाखात गेलो. शेवटच्या सकाळी आतोबा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. संबळ ऐकू येत होता. मग तो एकाएकी थांबला. काय झालं ते मागाहून कळलं. शिपायानं हुकमाप्रमाणे पहिल्याच घावाला अंग टाकलं. पण तो घाव नव्हताच. देवीनं तलवार उचललीच नव्हती. शिपाई उठला, पुन्हा पडला. देवी हलेना. शिपाई कळवळून म्हणाला, "मारा की आईसाहेब." देवीनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि रिंगण सोडून चालू लागली. कारभारी घड्याळ घेऊन आडवे आले, तर गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "रावसाहेब, कुंभार असता तर अडवला असता. देवीला काय सांगनार?" खुद्द महाराज हात जोडून उभे होते. कारभाऱ्यांनी घड्याळ खिशात घातलं आणि बाजूला झाले.

देवी आतोबांच्या अंगणात येऊन उभी राहिली, मागे सगळं जव्हार. उन्हानं मुखवट्याखालून घामाच्या धारा लागल्या होत्या. "ए म्हैशा!" देवी ओरडली. "भाईर ये. तुझ्याबिगर कुनाला मारायची नाय मी!"

आतोबा हलले नाहीत. आत्या मात्र आत गेली आणि जुना मुखवटा घेऊन आली. त्याला ताजं तेल लावलेलं होतं, शिंगांना हळदकुंकू. बाईनं कुणाला न सांगता सगळी तयारी करून ठेवली होती. तिनं तो नवऱ्यापुढे धरला आणि म्हणाली, "उठा. लोक बघतात." आतोबांनी मिशांना हात लावला, मुखवटा चढवला आणि पडवीच्या दारातून बाहेर पडले. आडवे!

गावानं कमरेला फडकी बांधली, बायकांनी पोरांना सावलीला बसवलं; आज दुपार होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. संबळ कडाडला. देवीनं तलवार उगारली, म्हैसासुराच्या खांद्याला नुसती टेकवली, आणि आतोबा पडले. पहिल्याच घावाला. पुन्हा उठलेच नाहीत. मी धावत जाऊन मुखवटा सोडवला तर आत आतोबा चांगले ठणठणीत, डोळे मिटून पडलेले.

"आतोबा, एवढ्यात?" मी विचारलं.

"दारात आलती रं," ते पुटपुटले. "दारी आलेल्या बाईला किती येळ उन्हात उभी करायची?"

त्यानंतर आतोबा पुष्कळ वर्षं मेले, आणि नेहमीसारखे उशिरा. मग एका वैशाखात खरोखरचे गेले, तेव्हा त्यांना दारातून नेताना खांदेकऱ्यांनी आपसूक तिरडी आडवी धरली, आणि ती दारात अडकली. कुंभार रडता रडता म्हणाला, "बघा, अजून ऐकत नाय." मी आता मुंबईतच असतो. उन्हाळ्यात इथं सर्कस येते, बँड वाजतो, नवी नवी नाटकं लागतात. दैत्य वेळेवर मरतो, पडदा पडतो, लोक टाळ्या वाजवत ट्रामकडे धावतात. मी जरा वेळ तसाच बसून राहतो. न जाणो, उठायचा.