सुगंधातायची विळी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानभर सापडतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन क्वचितच आलं. पण माझी मोठी जाऊ सुगंधाताय गेल्या महिन्यात गेली, आणि तिच्याबद्दल बोलायला गेले की माझा आवाजच फुटत नाही... म्हणून लिहिते. मी कल्याणला बहिणीकडे गेलेली, तिथे तायच्या मुलाचा, अविनाशचा फोन आला. "काकी, आई सकाळी बाजार करून आली, जेवून आडवी झाली, ती उठलीच नाय." मला रडू आलं, पण सकाळी बाजार करून आली हे ऐकून ऊरही भरून आला. कारण काही वर्षांपूर्वी तिचं बाजारात मासळी विकणं संपल्यातच जमा होतं.

तेव्हा तिचे गुडघे गेलेले. उकिडवं बसायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. गिऱ्हाईक मासा साफ करून, तुकडे करूनच मागतं, आणि विळी तर जमिनीवर. कोपरच्या बाजारातली जागा तिला सासूबाईंकडून आलेली. ती रिकामी राहिली तर दुसरी कोणी येऊन बसली असती. अविनाश म्हणाला, "आता घरी बस." ताय म्हणाली, "घरी बसाया गुडघं नाय लागत काय रं?"

तिने विळी टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली. पहिल्याच सुरमईला विळी सरकत गेली, मासा खाली पडला. शेजारच्या जागेवरची मालन हसत सुटली, "खुर्चीवर बसून मासं कापतंस, तहसीलदारीण झालीस काय गो?" ताय मात्र आपल्या पायाकडे बघत होती. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "अगो, विळी आपण पायानं धरतो. टेबलावर पाय कुठून आणू?" जन्मभर आम्ही पाटावर पाय दाबून कापत आलो, पण पायही काम करतोय हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग एकदा मी खवणीवर बसून नारळ खवत होते. ताय माझ्याकडे बघत राहिली... "वजनच धरून ठेवतंय गो!" दुसऱ्याच दिवशी आम्ही शहाडला गजाभाऊ सुतारांकडे गेलो. तायने त्यांना हवं ते सांगितलं: उंच बाकडं, त्यातूनच पुढे निघालेली फळी, टोकाला पातं. माणूस बसला की फळी जागची हलत नाही. घाण पडायला खाली बादली, आणि घरात नातवंडं म्हणून पातं आडवं करायची सोय.

दरवेळी बाकडं तयार झालं की ताय मला त्याच्यापुढे उभी करायची. गजाभाऊ म्हणाले, "वहिनींना सांगा तरी, कसं बसायचं." ताय म्हणाली, "सांगू नका. ही लाजरी, कोणाला काय इचारीत नाय. हिला न इचारता जमलं तर कोणालाबी जमंल." पहिल्यांदा मी चक्क उलटी बसले. तायने बाकडं परत आत ढकललं. गजाभाऊंनी पुढची बाजू निमुळती केली, तर मला बादली कुठे लावायची कळेना. पुन्हा आत. शेवटी एकदा मी बसले, पातं उभं केलं आणि बांगडा कापून मोकळी झाले. ताय दुकानात ओरडली, "झाली!"

पूर्वी हॉटेलातला नळ फिरवायचा की दाबायचा हे कळलं नाही की मला माझीच लाज वाटायची, शिक्षण कमी म्हणून. आता वाटतं, नळ बनवणाऱ्याने माझ्यासारखीला एकदा समोर उभं करायला हवं होतं.

ताय पुन्हा आपल्या जागेवर बसली, आणि शेवटच्या सकाळपर्यंत बसली. मालन आठवडाभर हसली, मग हळूच म्हणाली, "मना पन एक कराया सांग गो." गजाभाऊंनी अशा विळ्या किती बनवल्या त्यांनाच ठाऊक.

परवा खोपटला गेलेले, तिथे मासळीवाल्यांच्या रांगेत एक अनोळखी पोरगी ओरडली, "अगं ए, सुगंधा कुठंय?" मी दचकून वळले. दुसरी म्हणाली, "धुवून उन्हात ठेवलीय ना!" बघते तर उंच बाकडं, पुढे फळी, टोकाला पातं. मी अनोळखी माणसाशी कधी बोलत नाही, पण विचारलंच. "हिला सुगंधा का म्हणतात गं?"

"काय माहीत काकी. सुतारच म्हणतो, सुगंधा पाहिजे का. नावच आहे तिचं."

"माझी जाऊ होती ती," मी म्हणाले, चांगलं मोठ्याने. रांगेतल्या बायका कापता कापता थांबून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी मान खाली घातली नाही.