सोळा ठोके थांबायचं

मैनुद्दीन शेख यांनी फौजेच्या बँडमध्ये बावीस वर्षं बसून वाजवला. बसून म्हणजे छातीपर्यंत उंच, घोगऱ्या आवाजाचं, फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य. सहासष्ट साली निवृत्त होऊन ते नाना पेठेत राहायला आले आणि खडकीच्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागले. स्वस्थ राहणं त्यांना जमत नसे. जेवतानाही पाय हलत असायचा. बायको आबेदा म्हणायची, “वाद्याचं नाव तेवढं बसून.”

त्या सुमारास कॅम्पातल्या हौशी वादकांनी दोनशे वर्षांपूर्वीची एक युरोपीय रचना बसवायला घेतली. तिच्यात पुढे एक नाही, चार वादक: व्हायोलिन, त्याहून मोठा चेलो, सनईसारखा ओबो आणि बसून. मागे सगळा ऑर्केस्ट्रा. बसून वाजवणारं दुसरं कोणी मिळेना, म्हणून मैनुद्दीनना बोलावणं आलं. बँडमध्ये त्यांचा आवाज ड्रम आणि ट्रंपेटखाली दबून जायचा. आता तो सगळ्यांना ऐकू येणार होता. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना.

वाजवणं अडत नव्हतं, थांबणं अडत होतं. पहिल्या भागाच्या शेवटी ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि चौघंच आपसात बोलल्यासारखं वाजवतात. तिथे सोळा ठोके थांबून मग बसूनने शिरायचं. मैनुद्दीन दर तालमीत लवकर शिरायचे.

“शेखसाहेब,” संचालक गोपाळकृष्ण म्हणाले, “आपली गाडी सुटत नाहीये.”

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी झाला. ती जागा आली. बारा ठोके झाले आणि मैनुद्दीन शिरले. पहिला सूर निघताच त्यांना चूक कळली. थांबलं तर सगळं उघडं पडणार, वाजवत राहिलं तर बाकीचे अडखळणार. व्हायोलिनवाल्या मुक्ताबाईंनी मान न वळवता आपले चार ठोके गाळले आणि त्यांना गाठलं. पाठोपाठ चेलो आला, मग ओबो. ऑर्केस्ट्राही नेमक्या वेळी वाजू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मैनुद्दीन चहाला थांबले नाहीत. तीन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या आणि बुधवारी स्वरलिपीचे कागद घेऊन मुक्ताबाईंच्या दारात उभे राहिले.

“दुसरं कोणी बघा. मी चुकलो.”

“ते कळलं आम्हाला. म्हणून तर मागे आलो.”

“राग नाही आला?”

“आला. पण वाजवताना रागवायला वेळ कुठे होता?” कागद त्यांनी हातात घेतलेच नाहीत. “पुढच्या महिन्यात पुन्हा करायचंय. तालीम शनिवारी चारला. तीनला येऊ नका.”

दुसऱ्या कार्यक्रमात मैनुद्दीननी ठोके मोजलेच नाहीत. ओबो काय म्हणतोय ते ऐकत राहिले आणि त्याचं म्हणणं संपल्यावर शिरले. या वेळी कोणाला ठोके गाळावे लागले नाहीत. मुक्ताबाईंनी नुसती भुवई उचलली.

परतताना बसमध्ये त्यांनी कार्यक्रमाला आलेल्या आबेदाला तीनदा विचारलं, “बरोबर शिरलो ना?”

तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिन्ही वेळा ती हो म्हणाली.