गिरजाच्या अंगावरचे डाग

"लांब बस. टेबलाला हात लावू नकोस."

डॉक्टर माझ्या बायकोले म्हणाला. गिरजा स्टुलावरून उठली, तसं कंपाउंडरनं ते फिनाईलनं पुसलं. ती दारातच उभी. पाहत होती.

"खरूज आहे. आंघोळ करते का ही?"

"हो साहेब," मी म्हटलं.

तिच्या पाठीवर, मांड्यांवर, हातावर तांबूस डाग होते. खाजवले की फुगायचे. मळ्यातल्या मेथीच्या जुड्या तीच बांधायची. वाशिमच्या बाजारात बाया तिच्या हातची जुडी घेईनात. मी म्हटलं, तू येऊ नको बाजारात. घरी तिचं ताट वेगळं केलं. हे मीच केलं.

"तुमालेबी किळस येते का आता?"

मी तिचं ताट दाराजवळ ठेवलं.

मंग तिचं पोट बिघडलं. हाडं ठणकू लागली. तोंड एकदम लाल व्हायचं, चक्कर यायची. नागपूरले नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पेनाच्या मागच्या टोकानं डाग घासला. डाग वर आला. रक्त तपासलं, कातडीचा, हाडाचा तुकडा तपासला. म्हणाल्या, "बाबा, ही खरूज नाही. कुणाला लागत नाही. मास्ट नावाच्या पेशी वाढल्यात. कातडीत, हाडांत, पोटातही." अन् एका कागदावर मराठीत लिहून दिलं.

गिरजा येताना एसटीत हसली. "आन् तुमी मले साबनानं घासून घासून मारलं."

त्या दिवसापासून एका ताटात जेवलो.

हिवाळ्यात मेथी उपटताना तिची कंबर कटकन वाजली. उभं राहता येईना. जवळ तोच डॉक्टर. आमच्याकडं सुई टोचल्याशिवाय इलाज झाला असं कोणाले वाटत नाही. त्यानं भरलीच.

"आवं, कागद दाखवा ना," गिरजा म्हणाली.

दाखवला. त्यानं पाहिला नाही. "डॉक्टर तू का मी?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

सुई टोचली. तिचं अंग लाल झालं. ओठ सुजले. श्वास अडकला. अकोल्याच्या रस्त्यावर, गाडीतच गेली.

तेरवी झाली. बसवत नाही. झोपवत नाही. मेथी उपटाले जातो, अर्धी टाकून उठतो. एका सकाळी उठलो तो सरळ दवाखान्यात. कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

"वाच."

"बाबा, तिचं हृदयच कमजोर होतं. जा घरी."

"मोठ्यानं वाच. या लोकाइले ऐकू दे."

कंपाउंडरनं माझा दंड धरला. मी हललो नाही. साठीपार झालो, पण असं कधी उभा राह्यलो नव्हतो. दुसरी शिकलेला माणूस मी. एकेक अक्षर लावत मीच वाचलं. "आम्हाला विचारल्याशिवाय या बाईंना अंगदुखीची सुई देऊ नये. जीव जाऊ शकतो."

बाकावरच्या एका बाईनं सुईसाठी वर केलेली बाही खाली घेतली. विचारलं, "डॉक्टरसाहेब, मले कोन्ती सुई देता?"

त्यानं पुढच्या माणसाले हाक मारली.

तक्रार जिल्ह्याले दिली आहे. तिच्या निकालाची वाट पाहत मी घरी बसणार नाही. उद्या परत जातो. परवाही. पोलीस बोलवायचे तर बोलवू दे त्याले. तो डॉक्टर हा कागद चारचौघांत आपल्या तोंडानं वाचत नाही, तोवर त्याच्या दारातून हटत नाही.