तक्त्यात नसलेलं ऊन

अर्थशास्त्रावर लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही, आणि आठवणी लिहाव्यात एवढं वयही नाही. तेव्हा आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चुकलं तर सांगणारं घरी कोणी नाही.

धुळ्याला कॉलेजात सेमिनारसाठी मला विषय मिळाला, विकसित देशांची ऊर्जा-तीव्रता. म्हणजे तेवढंच उत्पादन काढायला ऊर्जा किती लागते. आलेखात बहुतेक देशांच्या रेषा वर्षानुवर्षे खाली येत होत्या. काही उतार चांगल्या यंत्रांमुळे, काही जड कारखाने दुसऱ्या देशांत गेल्यामुळे. सुट्टीत जळगावला, मेहरूणच्या आमच्या खोलीत, मी त्या रेषा मोबाइलवर आईला दाखवल्या.

आई डाळमिलच्या गच्चीवर कामाला. तेलपाणी लावलेली तूर तिथे उन्हात पसरतात आणि बायका तिच्यातून पाय ओढत चालतात, म्हणजे खालचा दाणा वर येतो. आई घरातही तशीच चालते, पाय न उचलता.

"कमी विजेत जास्त माल," मी सांगितलं.

"मंग आमनी गच्ची ते सर्वासना पुढे शे!" शेजारची अक्का हसली. तीही तिथेच कामाला. "आमले ते वीजच लागत नही."

आई हसली नाही. मिलमध्ये तूर वाळवायला विजेवरचा ड्रायर घेण्याचं बोलणं चालू होतं. "शहाना, तुन्या रेघा काय सांगतस? मशीन येई का?"

मी मोबाइलवर रेषा पुन्हा वरखाली केल्या. रेषांत देश होते, गच्ची नव्हती. "विचारून सांगतो," म्हणालो.

धुळ्याला सरांना विचारलं, गच्चीचं उदाहरण घेऊ का? पेपर तपासून ते थकले होते. "घे की. पण तक्त्यात उन्हाचा रकाना कुठे आहे? आणि आईच्या पायांचा?" ड्रायर आला तर वीज किती वाढते आणि माल किती वाढतो, त्यावर मिलची रेषा ठरेल, एवढं त्यांनी समजावलं. गच्चीवरच्या बायकांचं काय, हे त्या भागाकारात येत नव्हतं. आई फोनवर तेच विचारायची. मी "बघतो" म्हणून विषय बदलायचो.

सेमिनार बरा झाला. टाळ्याही वाजल्या. बाहेर येऊन फोन पाहिला तर आईचा कॉल येऊन गेलेला. मी उलट लावला.

"मशीन बसनं रे भाऊ," ती म्हणाली. "आते गच्चीवर बाया नही लागत."